स्टीलच्या पत्र्यावर अळवाचे पान : पाणी न धरणारा पोत फायबर लेसरने कसा कोरावा

'अळवावरचे पाणी' हा शब्दप्रयोग आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो, पण ज्याला पृष्ठभागाशी काम आहे त्याच्या दृष्टीने तो थेंब न टिकणे हेच त्या पानाचे कसब आहे. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये फायबर लेसर मार्किंगचे काम करताना, म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांवर क्रमांक आणि लग्नसराईत भांड्यांवर नावे घालताना, याच यंत्रातून अळवाच्या पानासारखा पृष्ठभाग मिळवता येईल का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. तो मिळतो. त्यासाठी संशोधन संस्थांमधला महागडा फेम्टोसेकंद लेसर, म्हणजे अतिशय क्षणिक स्पंदनांचा लेसर, लागत नाही. २० वॅटचे, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे साधे मार्किंग यंत्र पुरते. ज्यांच्या हाताशी असे यंत्र आहे, मग ते जॉबवर्कचे दुकान असो, टूलरूम असो की पॉलिटेक्निकची प्रयोगशाळा, त्यांच्यासाठी ही पद्धत पायरीपायरीने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेकांचे प्रयत्न तिथेच फसतात. पान दोन कामे करते : ते खडबडीत असते आणि त्या खडबडीवर मेण असते. लेसर यातले फक्त पहिले काम करतो. लेसरखालून नुकताच निघालेला पत्रा पाणी झटकत नाही, उलट टीपकागदासारखा ते ओढून घेतो. दुसरे काम त्यानंतर व्हायचे असते, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ दिल्याशिवाय निकालाबद्दल काहीही बोलू नये.

आधी पान पाहावे

पहिली पायरी परसात आहे. अळवाचे ताजे पान देठासह कापून आणावे आणि त्याच्या वरच्या बाजूवर ड्रॉपरने पाणी सोडावे. थेंब पसरत नाही, गोळी होऊन बसतो, आणि पान जरा कलताच घरंगळतो. मग पानावर चिमूटभर राख भुरभुरावी आणि पुन्हा थेंब सोडावा. थेंब राख अंगाला माखून घेऊन जातो आणि त्याच्या मागे स्वच्छ वाट उरते. त्यानंतर पान पाण्याच्या पातेल्यात बुडवून तिरक्या नजरेने पाहावे. हिरवे पान चंदेरी दिसते. ती चकाकी पानाच्या उंचसखल भागांत अडकून राहिलेल्या हवेच्या थराची असते, आणि म्हणूनच पान बाहेर काढले की ते कोरडेच असते. शेवटी पानावरची एक जागा अंगठ्याने दाबून दोनतीनदा चोळावी. पान फाटत नाही, रंगही फारसा बदलत नाही, पण त्या जागी आता थेंब अडकतो, कारण मेणाची सूक्ष्म रचना मोडलेली असते.

थेंब, राख आणि चंदेरी चकाकी या तीन परीक्षा लक्षात ठेवाव्यात. पुढे पत्र्यालाही याच द्यायच्या आहेत.

या गुणधर्माची शास्त्रीय उकल कमळाच्या पानावर झाली. बॉन विद्यापीठातले विल्हेल्म बार्टलॉट आणि त्यांचे सहकारी क्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कमळाच्या पानाचे स्वतःहून स्वच्छ राहणे आणि त्याची सूक्ष्मरचना यांचा संबंध दाखवून दिला. पानावर साधारण दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे उंचवटे असतात, आणि त्या प्रत्येक उंचवट्यावर नॅनोमीटरच्या मापातल्या मेणाच्या नळ्यांची दाटी असते. म्हणजे खडबड एका मापाची नसून दोन मापांची असते. लेसरनेही ही दोन मापे साधावी लागतात.

थोडे गणित, कारण ते पुढचे पैसे वाचवते

थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे पाण्याच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. तो ९० अंशांपेक्षा कमी असेल तर पृष्ठभाग पाणी ओढतो, जास्त असेल तर टाळतो. १५० अंशांच्या वर कोन गेला आणि पृष्ठभाग दहा अंशांपेक्षा कमी कलताच थेंब घरंगळला, तर त्याला अतिजलविरोधी म्हणतात. गुळगुळीत पृष्ठभागावर कितीही भारी रसायन लावले तरी हा कोन सुमारे १२० अंशांच्या पुढे जात नाही. उरलेली मजल पोतानेच गाठावी लागते.

पोत काय करतो याचे दोन नियम आहेत. वेन्झेल यांनी १९३६ मध्ये मांडलेला नियम असा की खडबडीने पृष्ठभागाचा मूळ स्वभाव तीव्र होतो : पाणी आवडणारा पृष्ठभाग खडबडीत केला तर तो अधिकच तहानलेला होतो, आणि न आवडणारा अधिकच दूर ढकलतो. कॅसी आणि बॅक्स्टर यांचा १९४४ चा नियम खडबडीखाली हवा अडकते तेव्हाचा आहे. त्यात थेंबाखालचा किती भाग घन आहे हे महत्त्वाचे : मूळ कोनाच्या कोसाइनमध्ये एक मिळवावा, त्याला घन भागाच्या प्रमाणाने गुणावे आणि एक वजा करावा, जे येईल तो नव्या कोनाचा कोसाइन.

हे आपल्या पत्र्याला लावून पाहू. लेसरचा स्पॉट, म्हणजे किरणाचा पत्र्यावरचा ठिपका आणि पर्यायाने कोरलेल्या चराची रुंदी, ५० मायक्रॉन धरू आणि आडव्याउभ्या चरांची चौकट कोरू. दोन चरांमधले अंतर ०.२ मिमी ठेवले तर मध्ये १५० मायक्रॉनचे चौकोन उरतात, घन भाग ५६ टक्के होतो, आणि पत्र्यावरच्या मेणचट थराचा मूळ कोन १०५ अंश धरला तर नवा कोन १२६ अंशांच्या आसपास येतो. अंतर ०.१५ मिमी केले तर १३२, ०.१ मिमी केले तर १४५, आणि ०.०८ मिमी केले तर १५४ अंश. मग अंतर आणखी कमी का करू नये? कारण ०.०५ मिमीवर चर एकमेकांत मिसळतात, उंचवटे उरतच नाहीत आणि सगळा पृष्ठभाग वितळून गोठलेल्या मळीसारखा होतो.

इथे एक दिलासा आहे. ०.१ मिमीचे १४५ अंश हे उंचवट्यांचे माथे सपाट धरून आलेले आहेत. आपल्या मार्किंग यंत्रासारखा नॅनोसेकंद स्पंदनांचा लेसर चर कोरताना वितळलेल्या आणि वाफ झालेल्या धातूचा काही भाग ऑक्साइडच्या बारीक कणांच्या रूपाने कडांवर आणि माथ्यांवर परत बसवतो. मार्किंगच्या कामात हाच कचरा आपल्याला नकोसा असतो. इथे मात्र तो दुसऱ्या मापाची खडबड पुरवतो आणि कोन १५० च्या पुढे नेतो. त्यामुळे तो घासून काढायचा नाही.

डोळे आणि फुप्फुसे

ज्यांनी वर्षानुवर्षे लेसर चालवला आहे त्यांनीही हा भाग वाचावा, कारण रोजच्या मार्किंगपेक्षा या कामात यंत्र अधिक वेळ एकाच जागी जळत राहते.

१०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग त्याला दृश्य प्रकाशासारखेच नेत्रपटलावर एकवटते. चकाकणाऱ्या पत्र्यावरून उसळलेला किरणही कायमची इजा करू शकतो, आणि दिसत नसल्यामुळे पापणी मिटण्याची प्रतिक्रियाही होत नाही. चष्म्यावर १०६४ हा आकडा आणि त्यापुढची ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे चष्मा तो किरण किती अडवतो त्याचे माप, छापलेली असलीच पाहिजे. नुसता हिरवा रंग पाहून चष्मा घेऊ नये. सीओटू लेसरच्या यंत्राला लावलेले पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण १०.६ मायक्रॉनचा किरण अडवते, पण फायबर लेसरचा किरण त्यातून आरपार जातो. एका यंत्राचे संरक्षण दुसऱ्याला चालेल असे समजणे ही मी पाहिलेली सर्वांत धोकादायक समजूत आहे.

दुसरा धोका धुराचा आहे. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेलची संयुगे असतात, आणि त्यांतले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. टेबलफॅन लावून धूर खोलीभर पसरवणे म्हणजे संरक्षण नव्हे. शोषणनळीचे तोंड कामापासून एक वितीच्या आत असावे आणि हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीतून जावी किंवा थेट बाहेर सोडली जावी. पीव्हीसी आणि टेफ्लॉन हे दोन पदार्थ कोणत्याही लेसरखाली ठेवू नयेत. पहिल्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि दुसऱ्यातून फ्लोरीनयुक्त विषारी वायू.

पत्रा निवडणे आणि धुणे

३०४ प्रतीचा एक मिमी जाडीचा पत्रा घ्यावा आणि त्याचे ४० गुणिले ४० मिमीचे तुकडे करून घ्यावेत. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बाजारातली स्वस्त भांडी आणि पत्रे पुष्कळदा २०२ किंवा त्याहून हलक्या प्रतीचे असतात, ते कोरल्यावर लवकर गंजतात, आणि लोहचुंबक लावून ३०४ आणि २०२ यांतला फरक खात्रीने कळत नाही. म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेटसह पत्रा घ्यावा. अर्ध्या मिमीपेक्षा पातळ पत्रा उष्णतेने बाक धरतो आणि मध्यभागी फोकस सुटतो.

संरक्षक फिल्म काढल्यावर पत्र्यावर डिंक राहतो. तो भांडी घासायच्या साबणाने, मग ॲसिटोनने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. यानंतर पत्र्याला बोट लावू नये, कडेने धरावे. बोटाचा ठसा लेसरखाली जळतो आणि नेमक्या त्या जागी चराची खोली वेगळी येते. सूक्ष्मदर्शकाखाली तो ठसा रेषांसकट ओळखू येतो.

यंत्र लावणे

फोकस हा या कामाचा प्राण आहे. नाव घालताना अर्धा मिमी इकडेतिकडे चालून जाते, इथे चालत नाही, कारण स्पॉट मोठा झाला की चर रुंद आणि उथळ होतात. लाल ठिपके जुळवून मिळणाऱ्या फोकसवर थांबू नये. एका भंगार तुकड्यावर, उंची दर वेळी ०.२ मिमीने बदलत, दहा छोट्या रेषा ओढाव्यात आणि यूएसबी सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत बारीक रेष कोणती ते पाहावे. त्या उंचीला यंत्राच्या खांबावर खूण करावी. एफ-थीटा भिंगावर, म्हणजे किरण पत्र्यावर एकवटणाऱ्या यंत्राच्या भिंगावर, धुराची पुटे असतील तर ती आधी साफ करावीत, नाहीतर सगळे आकडे खोटे ठरतात.

१६० मिमी फोकस-अंतराच्या भिंगावर आणि २० वॅटच्या यंत्रावर मी पुढील आकड्यांनी सुरुवात करतो : शक्ती १०० टक्के, फ्रीक्वेन्सी २० किलोहर्ट्झ, वेग सेकंदाला २०० मिमी. याचा अर्थ समजून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर आकडे बदलता येतील. २० वॅट भागिले २०,००० स्पंदने म्हणजे दर स्पंदनाला एक मिलिज्यूल ऊर्जा. ती ५० मायक्रॉनच्या वर्तुळात पडते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० ज्यूल इतकी तीव्रता होते, जी स्टील वितळवून त्याची वाफ करायला भरपूर आहे. सेकंदाला २०० मिमी वेगात दोन स्पंदनांमध्ये १० मायक्रॉन अंतर पडते, म्हणजे प्रत्येक जागेला पाच स्पंदने मिळतात. फ्रीक्वेन्सी ८० किलोहर्ट्झ केली तर स्पंदने चौपट होतात, पण प्रत्येकातली ऊर्जा पावपट होते. पत्रा तापतो, काळा पडतो आणि चर मात्र नीट कोरला जात नाही. काळे मार्किंग करण्याची सवय असलेले कारागीर नेमके इथे चुकतात.

सॉफ्टवेअरमध्ये चौकोन काढून त्याला दोन हॅच, म्हणजे समांतर रेषांची भरणी, द्यावेत, एक शून्य अंशाचा आणि एक ९० अंशांचा. बाहेरची चौकट कोरण्याचा पर्याय बंद करावा. रेषा एकाआड एक उलटसुलट दिशेने जाऊ द्याव्यात, वेळ वाचतो. मात्र वळणावर लेसर थबकून टोकाला खड्डे पडत असतील तर चालू-बंद होण्याचे विलंब आधी सुधारून घ्यावेत.

नऊ चौकोनांचा तुकडा

एकदम संपूर्ण पत्रा कोरू नये. एका तुकड्यावर आठ मिमीचे नऊ चौकोन तीन रांगांत मांडावेत. रांगांमध्ये चरांचे अंतर बदलावे : ०.०८, ०.१ आणि ०.१५ मिमी. स्तंभांमध्ये फेऱ्या बदलाव्यात : एक, तीन आणि सहा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख आणि आकडे कोरून ठेवावेत, कारण महिनाभराने वहीतले पान सापडेलच असे नाही, तुकडा मात्र सापडतो.

०.१ मिमी अंतरावर आठ मिमीच्या चौकोनात एका दिशेला ८० रेषा, म्हणजे ६४० मिमी, आणि दोन्ही दिशांना मिळून १२८० मिमी अंतर लेसरला कापावे लागते. एका फेरीला साडेसहा सेकंद लागतात. याच हिशेबाने ४० मिमीच्या पूर्ण तुकड्याला तीन फेऱ्यांत आठ मिनिटे जातात आणि ताटाएवढ्या पृष्ठभागाला कित्येक तास लागतील. नॅनोसेकंद लेसरची ही पद्धत छोट्या भागांसाठी का योग्य आहे, ते या आकड्यांवरून कळते. मोठ्या पृष्ठभागांसाठी ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात आणि तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत दोन किंवा अधिक किरण एकमेकांवर पाडून एका स्पंदनात शेकडो रेषा उमटवण्याचे तंत्र विकसित केले गेले आहे. ते आपल्या यंत्रावर होण्यासारखे नाही.

फेऱ्यांच्या मध्ये पत्रा गार होऊ द्यावा. खाली जाड ॲल्युमिनियमची पट्टी ठेवली तर उष्णता लवकर निघून जाते. सूक्ष्मदर्शकाखाली चांगला चौकोन ओळखायचा तो असा : चर सलग आणि गडद, मधले उंचवटे वेगवेगळे मोजता येण्याजोगे, त्यांच्या कडांवर वितळलेल्या धातूची कड उसवल्यासारखी उभी, आणि सगळ्यावर राखाडी-तपकिरी भुकटीचा पातळ लेप. बोटाला सहज लागेल एवढी सुटी काजळी असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तुकडा हलवून सोडवावी. ब्रश, कापड आणि तारेची घासणी वापरू नये.

३०४ असले तरी लेसरच्या उष्णतेने पृष्ठभागावरचा क्रोमियमचा संरक्षक थर बिघडतो. दमट हवेत, विशेषतः कोकणात, असा पत्रा आठवड्याभरात तांबूस ठिपके दाखवू शकतो. म्हणून तुकडा पाच टक्के सायट्रिक आम्लाच्या, ५५ ते ६० अंश सेल्सियस तापलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून डिस्टिल्ड पाण्याने धुवावा. हे काम याच टप्प्यावर करावे, पुढचा थर बसल्यावर नव्हे.

तहानलेला पत्रा आणि वाट पाहणे

आता तुकड्यावर थेंब सोडून पाहावा. तो क्षणात चौकोनभर पसरतो आणि चौकोनाच्या कडेला सरळ रेषेत थांबतो, जणू पाणी चौकटीत ओतले आहे. मला पहिल्यांदा हे दिसले तेव्हा प्रयोग फसला अशी माझी खात्री झाली. मी दुसऱ्या दिवशी तेच आठ तुकडे जास्त शक्तीवर पुन्हा कोरले, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि असे दोन आठवडे घालवले. प्रत्येक वेळी मी नवा, कोरा ऑक्साइड तयार करत होतो आणि जो थर हळूहळू बसू लागला असता तो जाळून टाकत होतो. कामाचा ताण वाढल्यामुळे एक तुकडा तसाच कपाटात राहिला आणि त्यानेच मला खरे काय ते शिकवले : तीन आठवड्यांनी त्याच्यावरून पाणी मोत्यासारखे ओघळले.

याचे कारण असे. ताजा ऑक्साइड पाण्याला अतिशय अनुकूल असतो आणि वेन्झेलच्या नियमाप्रमाणे खडबडीने तो अधिकच तहानलेला होतो. पण हवेत सेंद्रिय पदार्थांचे, हायड्रोकार्बनचे रेणू सदैव तरंगत असतात. ते या पृष्ठभागावर बसतात आणि त्याला एक अतिशय पातळ मेणचट आवरण चढते. पानाला जे मेण आतून पाझरते, ते पत्र्याला हवेतून मिळते. साध्या खोलीत याला दोन ते चार आठवडे लागतात.

वाट पाहण्याची पद्धतही असते. तुकडे उताणे, उघडे पण धूळ पडणार नाही असे ठेवावेत. सैल झाकणाचा डबा उत्तम. पाण्यात बुडवून ठेवलेला तुकडा तहानलेलाच राहतो. कॉम्प्रेसरजवळ ठेवू नयेत, कारण तेलाचे तुषार चरांमध्ये भरतात. हायड्रोकार्बनचा थर रेणूंच्या जाडीचा हवा, चर भरेल एवढा नको.

घाई असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, तुकडे १०० अंश सेल्सियसच्या भट्टीत १२ ते २४ तास ठेवणे. आठवड्यांचे काम तासांत होते. खाद्यपदार्थांचा ओव्हन यासाठी वापरू नये. दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे स्टिअरिक आम्ल १०० मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ०.३ ग्रॅम विरघळवावे, भांडे कोमट पाण्यात ठेवून ढवळावे, आणि तुकडे त्यात रात्रभर बुडवून ठेवावेत. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा जवळपास शेगडी, स्पार्क किंवा चालू लेसर नको. सकाळी तुकडा स्वच्छ अल्कोहोलमध्ये दोनदा विसळून ६० अंशांवर वाळवावा. पांढरी पावडर दिसत असेल तर विसळणे कमी पडले आहे. स्टिअरिक आम्लाच्या रेणूचे एक टोक ऑक्साइडला धरते आणि लांब शेपूट बाहेर राहते. पानाच्या मेणाची ही जवळची नक्कल आहे.

मोजमाप

'पाणी छान पळते' हे मोजमाप नव्हे. इन्सुलिनची सिरिंज घ्यावी, पण तिच्यावरचा आकडा पाहून : आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन प्रकारच्या मिळतात. १०० च्या सिरिंजमध्ये एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, ४० च्या सिरिंजमध्ये २५. दहा युनिटे थेंबाथेंबाने सोडून थेंब मोजले की एका थेंबाचे आकारमान कळते. चांगल्या चौकोनावर एक गंमत दिसते : सुईला लोंबणारा थेंब पत्र्याला टेकवून सुई उचलली तर थेंब पत्र्यावर राहायला तयार होत नाही, सुईसोबत परत वर येतो. तो थोड्या उंचीवरून पडू द्यावा लागतो.

मोबाइलला मॅक्रो भिंग लावून, कॅमेरा पत्र्याच्या पातळीत ठेवून आणि थेंबामागे बटरपेपर लावलेला दिवा ठेवून छायाचित्र घ्यावे. मग थेंबाची उंची भागिले त्याच्या तळाची अर्धी रुंदी काढावी. त्या गुणोत्तराचा व्यस्त टॅन्जंट दुप्पट केला की स्पर्शकोन मिळतो. उदाहरणार्थ, उंची २.२ मिमी आणि तळाची रुंदी १.२ मिमी असेल तर गुणोत्तर ३.६७ येते आणि कोन सुमारे १४९ अंश. ही रीत लहान थेंबांनाच लागू आहे, मोठा थेंब वजनाने चपटा होतो. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थेंबाच्या कडेवरून कोन काढण्याची सोयही आहे. तळाची कड धूसर असेल तर दहा अंशांची चूक सहज होते, म्हणून प्रत्येक चौकोनावर पाच थेंब मोजून सरासरी घ्यावी.

माझ्या मते घरंगळण्याचा कोन अधिक प्रामाणिक आहे. तुकडा बिजागरीच्या पट्टीवर ठेवून हळूहळू उचलावा आणि थेंब कधी सुटतो ते पाहावे. १५० अंशांचा स्पर्शकोन असूनही थेंब उभ्या पत्र्याला चिकटून राहू शकतो. गुलाबाच्या पाकळीवर असेच होते. तिथे पाणी मोठ्या उंचवट्यांच्या मध्ये शिरलेले असते. आपल्या तुकड्यावर असे झाले तर चर उथळ आहेत असे समजून फेऱ्या वाढवाव्यात. यानंतर राखेची आणि पाण्याखालच्या चंदेरी चकाकीची परीक्षा घ्यावी. पाण्याखाली चौकोनाचा एखादा भागच काळपट दिसला तर तिथे हवा टिकलेली नाही. तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बहुधा बोटाचा डाग किंवा फोकसची चूक सापडते.

दुसरे पदार्थ

ॲल्युमिनियम कोरायला सोपे आहे आणि त्याच आकड्यांवर चर अधिक खोल जातात, पण उंचवटे मऊ असल्याने लवकर दबतात. तांबे आणि पितळ बराचसा किरण परत उसळवतात. परतलेला किरण लेसर स्रोताला इजा करू शकतो, म्हणून तुकडा दोनतीन अंश तिरका ठेवावा. पारदर्शक ॲक्रिलिक आणि काच यांवर फायबर लेसरचा उपयोग नाही. मात्र दोन घटकांचे सिलिकॉन रबर कोरलेल्या पत्र्यावर ओतून, जमल्यावर सोलून काढले तर पोताचा उलटा ठसा मिळतो, आणि सिलिकॉन मुळातच पाणी टाळणारे असल्याने त्याला वाट पाहावी लागत नाही. हेच रबर अळवाच्या ताज्या पानावर ओतून पाहावे. पानाची शिरा न् शिरा त्यात उतरते.

कुठे वापरावे आणि कुठे मुळीच नाही

अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागावर हा पोत कोरू नये. ताटात, पातेल्यात किंवा पाण्याच्या बाटलीच्या आत पन्नास मायक्रॉनचे चर म्हणजे तेल आणि अन्नकण अडकायच्या जागा, शिवाय ऑक्साइडची भुकटी सुटण्याचा धोका. 'न चिकटणारा तवा' करून द्या, अशी मागणी येते. ती मी नाकारतो.

तेल हा या पोताचा शत्रू आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो, खाद्यतेलाचा त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे तेल चरांमध्ये सरळ शिरते आणि हवेची जागा घेते. साबणाचे पाणीही हेच करते. वाफ आणि दव यांच्यापुढे तर अळवाचे आणि कमळाचे पानही हरते, कारण तिथे पाणी वरून पडत नसून उंचवट्यांच्या मधोमध थेंबाने जन्म घेते. बोअरवेलचे जड पाणी वारंवार सुकत राहिले तर क्षारांचे पांढरे कण चर भरून टाकतात. आणि सर्वांत मोठी मर्यादा घर्षणाची : पान मेण पुन्हा तयार करते, पत्रा उंचवटे पुन्हा उगवत नाही. म्हणून जिथे हात, कापड किंवा वाळू सतत लागते तिथे हा पोत टिकणार नाही. पावसात उघड्यावर राहणाऱ्या सेन्सरचे छोटे झाकण, मोजमाप-उपकरणाचे तोंड, प्रयोगशाळेत मोजके थेंब हाताळण्याची पट्टी अशा ठिकाणी त्याचे चीज होते. त्याच पत्र्यावर कोरलेले आणि न कोरलेले पट्टे शेजारी शेजारी ठेवले तर थेंब ठरलेल्या वाटेनेच जातो, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे.

तुकडा निकामी झाला की लगेच भंगारात टाकू नये. आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. उंचवटे शाबूत असून फक्त डाग किंवा तेल असेल तर ॲसिटोन आणि मग अल्कोहोलमध्ये प्रत्येकी दहा मिनिटे बुडवून, वाळवून पुन्हा स्टिअरिक आम्लात रात्रभर ठेवावा. क्षार बसले असतील तर त्याआधी सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात ठेवावा. उंचवट्यांचे माथे घासून चकाकत असतील, तरच तो तुकडा पुन्हा लेसरखाली न्यावा, आणि मग कोपऱ्यातल्या जुन्या तारखेशेजारी नवी तारीख कोरावी.